खडूच्या रेषेअलीकडची प्लेट

आधी मला एक सांगा. मालावरचा शिक्का एक बोलतो आणि माल वाजवला की तो दुसरंच बोलतो, तेव्हा तुम्ही भरवसा कोणाचा धरता? बहुतेक सगळे शिक्क्याचा धरतात. शिक्का वाचायला उभ्या उभ्या डोळे पुरतात. माल ऐकायचा तर वाकावं लागतं.

मी एक लोखंडी प्लेट बोलतेय. आठ मिलिमीटर जाड, आठ फूट लांब, पाच फूट रुंद. रत्नागिरीपासून तासाभरावरच्या एका वाडीत, पऱ्यावर आडवी पडलेय. पावसात हा पऱ्या चांगला माणूसभर फुगतो आणि शिमग्यापर्यंत सुकून दगड दाखवतो. माणसं माझ्यावरून पलीकडे जातात. कोणी चाललं की मी वाजते, आणि माझा आवाज काही चांगला नाही.

शिकलेली मी नाही. जे कळतं ते आठ वर्षं सरकारी गोदीत आणि दोन वर्षं लवूशेठच्या भंगाराच्या दुकानी पडून ऐकलेलं. त्यामुळे बोलण्यात बाजार येईल, तो सोडून द्या.

माझा जन्म भट्टीतला. लोखंड ओतलं तेव्हा पोटात हवेची एक पोकळी राहिली. भाकरीत वाफ राहिली तर ती तव्यावर टम्म फुगते, बाईला कळतं. लोखंड फुगत नाही. रुळांखालून लाटलं की ते पोकळी आतल्या आत चपटी करून गिळून बसतं. वरून गुळगुळीत, आत पापुद्रा. गिरणीतल्या तपासनिसाने हातोडी मारली, मी बद्द वाजले, आणि त्याने पांढऱ्या रंगाने माझ्यावर फुली मारली. जहाजाच्या प्लेटीवर पक्का नंबर ठोकतात. मला नंबर मिळाला नाही. मी ‘सेकंड’ म्हणून विकले गेले.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सेकंड मालालाही काम असतं. लवूशेठ म्हणायचे, सेकंड माल वाईट नसतो. वाईट असतो तो फर्स्ट म्हणून खपवणारा.

१९९८ च्या मार्चमध्ये मी खाडीकाठच्या त्या गोदीत उतरले. गोदीचं नाव विचारू नका, ज्या अंगणात बसले तिथलं नाव मी घेत नाही. सहा लाँच बांधायचं मंजूर झालं होतं. मार्चअखेर पैसे खर्ची पडायला हवेत म्हणून सहाच्या सहा लाँचींचं पोलाद एकदम आणून ओतलं. आम्ही आठ सेकंड बहिणी मात्र जहाजासाठी नव्हतो. शेडची जमीन करायला आमची मागणी होती.

पुढे दोन लाँच झाल्या आणि वरून कागद आला, बाकीच्या चार रद्द. शेडच्या जमिनीला कोणीतरी सिमेंट घातलं. मग जहाजाचा माल तिकडे आणि आम्ही इकडे, दोघेही ‘जादा’ झालो.

या जादा मालाचा धनी होता स्टोअरकीपर रावजी. आतल्या गावचा शेतकऱ्याच्या घरचा माणूस, बारीक अंगाचा, काखेत कायम छत्री. त्याच्याबद्दल पुढे मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही त्याला चोर म्हणाल, म्हणून आधीच सांगते: रावजीने गोदीतला एक खिळासुद्धा घरी नेला नाही. जादा प्लेटी तो लाकडी ओंडक्यांवर ठेवायचा, म्हणजे खालून ओल लागायची नाही. दर मे महिन्यात प्रत्येक प्लेटीच्या नंबरावर तेलाच्या रंगाचा हात फिरवायचा. मुंबईला पत्रं लिहायचा: आमच्याकडे इतका माल जादा आहे, दुसऱ्या गोदीला लागत असल्यास न्यावा. सहा पत्रांना मिळून एक उत्तर आलं. ‘आपले पत्र मिळाले.’

“मिळालं म्हंजे पोचलं तरी,” रावजी सगळ्यांना सांगायचा. “आमच्या आज्याच्या पत्राचं तेवढंसुद्धा होत नव्हतं.”

दुसरा माणूस अली. अली मार्कर. खाडीपलीकडच्या वाडीतला, पिढ्यान् पिढ्या दर्यावर्दी घर. हा एकटाच जमिनीवर राहिलेला, म्हणून भाऊबंद त्याला ‘सुका अली’ म्हणायचे. प्लेटीवर खडूने रेषा आखणं आणि नंबर ठोकणं हे त्याचं काम.

हे ठोकणं काय ते समजून घ्या, कारण सगळं त्यावर आहे. जहाजाच्या प्लेटीचा नंबर एका कोपऱ्यात असतो. प्लेट कापली की नंबर एका तुकड्यावर राहतो आणि दुसरा तुकडा बिननावाचा होतो. बिननावाचा तुकडा कितीही चांगला असला तरी जहाजाला चालत नाही. म्हणून कापायच्या आधी, उरणाऱ्या भागावर तोच नंबर पोलादी ठशांनी ठोकायचा आणि त्याखाली ठोकणाऱ्याने आपला बिल्ला नंबरही ठोकायचा, शेजारी साक्षीदाराने त्याचा. म्हणजे उद्या खोट निघाली तर विचारायचं कोणाला ते त्या लोखंडावरच लिहिलेलं. गोदीत याला ‘बारसं’ म्हणत.

अलीचा बिल्ला ११४. बारशाच्या बाबतीत तो कोणाचं ऐकायचा नाही. पहिली लाँच पाण्यात सोडायच्या आधी शेवटची प्लेट कापायची होती. साहेबांची गाडी उभी, फोटोवाला उभा, नारळ फोडायला आणलेला. अली म्हणाला, “थांबा. बारसा र्‍हायलाय.” साहेब घाम पुसत दहा मिनिटं उभे. नंतर रावजीने विचारलं, “मेल्या, नोकरीचं भ्या नाय तुला?” अली म्हणाला, “भाऊ, त्या लाँचीवर माजा हमझा जानार हाय.”

हमझा त्याचा धाकटा भाऊ. त्याच लाँचीवर इंजिनाचा ड्रायव्हर म्हणून लागला.

आता आमची नावं कशी पुसली ते सांगते. कोणी एका दिवसात पुसली नाहीत. एका शिमग्याला ओंडके नाहीसे झाले. बाजूच्या वाडीच्या होमात गेले म्हणतात. होमातलं लाकूड परत मागायचं धाडस कोण करणार? प्लेटी जांभ्याच्या लाल चिखलावर आल्या. त्याच वर्षी रावजीने मागितलेला रंग मंजूर झाला नाही. शेरा होता, ‘जादा मालावर अधिक खर्च करू नये.’ पुढे कोणी मोठे पाहुणे येणार म्हणून यार्ड दिसायला स्वच्छ हवं झालं, आणि क्रेनवाल्याने जहाजाच्या प्लेटी आणि आम्ही सेकंड, सगळ्यांची एकच चवड मागच्या भिंतीला लावली. पाहुणे आलेच नाहीत. चवड तशीच राहिली. तीन पावसाळे गेले. माझी पांढरी फुली गंजाखाली गेली आणि जहाजाच्या प्लेटींचे नंबरही.

२००३ साली मुंबईहून साठा तपासणीची तारीख आली. रावजीने वही उघडली. वहीत जहाजाच्या एक्केचाळीस प्लेटी. चवडीत नंबर लागत होता चोवीस प्लेटींचा. सतरा बिननावाच्या.

साहेब म्हणाले, “सतरा प्लेटी भंगार झाल्या कशा, हे मी लिहून देऊ की तुम्ही देणार?”

रावजी दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी अलीला घेऊन चवडीपाशी आला.

“सतरा बारशी करायची हायत,” तो म्हणाला.

“कसल्या नंबरान?”

“वहीतल्या. जे सतरा सापडत नायत ते.”

“कुठला कुनाचा ता कसा समजनार?”

“सगळ्या एका गिरणीच्या, एका मापाच्या. बहिणी बहिणी. एकीचं नाव दुसरीला लागलं तर काय बिघडलं?”

अलीने पिशवीतून ठसे काढले. एकेक प्लेट घासायची, वहीतला नंबर विचारायचा, ठोकायचा. माझ्यापाशी आला. त्याने ठसा टेकवला, घाव घातला आणि मी बद्द वाजले.

अली थांबला. पुन्हा हातोडी मारली, या वेळी ठशाशिवाय. मग कान खाली आणून बोटाच्या पेराने वाजवलं.

“भाऊ, ही बद्द वाजते. ही जहाजाची नाय. शेडीसाठी सेकंड आल्या हुत्या त्यांतली ही.”

रावजीचा चेहरा मी पाहिला. त्याला पटलं होतं. “किती ठोकल्यास?”

“सोळा.”

“मग जहाजाची एक कुठंतरी गेलीच. सतरावी हीच. बाकीच्या सेकंडींची मापं वेगळी हायत, हिचंच माप जुळतंय.” मग तो हळू बोलला. “अली, ही कुठं जानार नाय रे. कागदापुरती. तपासणी गेली की सगळा जादा माल लिलावात काढू. भंगारवाला नेल, वितळवल. मी जबान देतो.”

अलीने माझ्यावर नंबर ठोकला. ३२१७. त्या सतरा प्लेटींपैकी एकीवरही त्याने खाली आपला बिल्ला ठोकला नाही. रावजीने ते पाहिलं आणि वही मिटली.

तपासनीस आले, चहा प्याले, एक्केचाळीस मोजून गेले.

लिलाव झाला नाही. उलट हुकूम आला की दुरुस्तीला लागणारं पोलाद आधी जादा साठ्यातून घ्यावं. साठा शिल्लक असताना नवी खरेदी केल्यास जबाबदार धरलं जाईल. हुकूम चांगलाच होता. रावजीनेच सहा पत्रांत तेच मागितलं होतं. तो नको तेव्हा आला.

पुढच्या वर्षी हमझाची लाँच दुरुस्तीला चढली. तळाची एक प्लेट खाऱ्या पाण्याने खाल्लेली. इतर कामांत चांगल्या प्लेटी संपत आल्या होत्या. त्या मापात वहीत एकच नंबर शिल्लक होता, ३२१७.

अली रावजीच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. हे बोलणं दारातून माझ्यापर्यंत येत होतं. मला शेडमध्ये आणून टाकलं होतं.

“भाऊ, ही ती बद्द प्लेट.”

“ठाव हाय.”

“मग नवी मागवा.”

“नवी मागवायला ‘जादा माल शिल्लक नाही’ असा दाखला लागतो. मी तो कसा देऊ? कागदावर ती जहाजाची प्लेट हाय. तूच केलीस, मीच लिवली. आता नाय म्हनायचं तर कायतरी कारण सांगायला पायजे. तू सांगतोस? चल, दोघं साहेबांकडं जाऊ.”

अली गेला नाही. तसा रावजीही उठला नाही.

मग अलीने जे केलं ते एका कसबी माणसानेच करावं. त्याने तास दीड तास मला इंचाइंचाने वाजवलं. हातोडी टेकवायची, ऐकायचं, खडूचा ठिपका. या टोकाला बद्द. पुढे कमी बद्द. पुढे खणखणीत. जिथून खणखणीत सुरू झालं तिथे त्याने दोन बोटं जागा सोडून खडूची सरळ रेषा मारली.

“रेषेपलीकडला भाग चांगला हाय,” तो रावजीला म्हणाला. “तेवढा लाँचीला घाला. खराब भाग हितंच र्‍हाऊ दे.”

रावजीने डोळे पुसले. “तू हायस म्हनून रे,” म्हणाला.

मला बोलता येत असतं तर मी त्याच वेळी सांगितलं असतं. माझी खोट खडूच्या रेषेपाशी थांबली नव्हती. पापुद्रा पुढे कागदासारखा पातळ होत गेला होता. इतका पातळ की हातोडीलाही ऐकू जात नव्हता. पण होता, पलीकडे हातभर तरी.

कापायच्या आधी अलीने नेमाप्रमाणे उरणाऱ्या भागावर, म्हणजे माझ्यावर, ३२१७ पुन्हा ठोकला. खोट्या नावाचं खरंखुरं बारसं, फक्त बिल्ला सोडून. गॅसकटर चालवणारा रघू एकदा थांबून म्हणाला, “ज्योत फडफडत्येय हितं.” अली म्हणाला, “वारा हाय.”

वारा नव्हता.

संध्याकाळी हमझा लाँच बघायला आला. चौतिशीचा, हसरा, हातात केळीच्या पानात बांधलेल्या तळलेल्या बोंबलांची पुडी. लाँचीखाली वाकून त्याने नवी प्लेट थोपटली, म्हशीला थोपटावं तशी.

“काय भाई, मजबूत ना?”

“मजबूत,” अली म्हणाला.

“तुज्या हातचा बारसा म्हंजे बघाया नको. हफीजा सांगत व्हती, भाईला बोलव जेवायला. तू काय येत नायस. सुका अली पानी बघून घाबरतो.”

“येन रे. लाँच उतरू दे.”

माझा दुसरा अर्धा पाण्यात गेला आणि मी चवडीत परत आले. तेव्हापासून आम्ही भेटलो नाही.

२००५ च्या पावसाअखेर, खाडीच्या मुखाशी लाटा अजून उभ्या होत्या तेव्हा, ती लाँच बाजारची माणसं घेऊन पलीकडे निघाली. मुखाशी चार वेळा तळ आपटला. इंजिनाच्या खोलीत पाणी शिरलं. तांडेलाने होड्या बोलावल्या, बहुतेक माणसं काढली. दोन प्रवासी गेले. हमझा खाली होता, पंप चालवत. तो वर आला नाही. खलाशी सांगत होते की शेवटी त्याने ओरडून सांगितलं, “तळ फुटलाय, माणसं उतरवा.” त्यामुळेच होड्या वेळेवर लागल्या.

चौकशी झाली. महिन्याभराने लाँच वर काढली. तळाची प्लेट वेल्डिंगच्या कडेने उकललेली होती. चौकशीवाल्याने रावजीची वही मागवली. वहीत ३२१७, जहाजाची प्लेट, गिरणीचा दाखला जोडलेला. सगळं जिथल्या तिथे. मग प्लेट फुटली ती लाँच बुडताना खडकावर आपटून, असं ठरलं. आणि पाणी आधी आलं कुठून? इंजिनासाठी समुद्राचं पाणी घेणारी तोटी असते, ती ड्रायव्हरने उघडी ठेवली असणार. अहवालात एक ओळ आली: ‘ड्रायव्हरच्या निष्काळजीपणामुळे.’

मेलेला माणूस उलट बोलत नाही. कागदांना अशी माणसं फार सोयीची.

अली आठ दिवसांनी कामावर आला. थेट माझ्यापाशी आला आणि माझ्यावर हात ठेवून उभा राहिला. रावजी मागून आला.

“मी तुला काय सांगू,” रावजी म्हणाला. “तुजा भाऊ तो माजाबी होता.”

“मी सांगनार हाय.”

“सांग. तू ठोकलंस, मी लिवलं, दोघं आत जाऊ. माज्या दोन पोरी लग्नाच्या. तुजी म्हातारी आई. आनि एवढं करून हमझा परत येल?”

रावजीने त्याच महिन्यात मला लिलावाच्या यादीत घातलं. सरकारी नेम असा की विकायच्या प्लेटीवरचा नंबर घासून काढायचा, नाहीतर भंगार फिरून जहाज होऊन परत येतं. ते काम मार्करचं. अलीने ग्राइंडर घेतला आणि ३२१७ घासून काढला. ठिणग्या त्याच्या हातावर पडत होत्या. त्याने हात हलवला नाही.

एकदा त्याने मला खोटं नाव दिलं होतं, आता ते पुसलं. दोन्ही वेळा हुकूम होता.

मला लवूशेठने घेतलं. सावर्ड्याला हमरस्त्यावर त्यांचं भंगाराचं दुकान. दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. पण लोखंड ओळखावं तर त्यांनी. मला ट्रकातून उतरवताना त्यांनी पायातल्या चपलेनेच ठोकलं आणि हसले.

“ही जहाजाची म्हणून दिली? जहाजाची असती तर गायली असती. ही कण्हत्येय.”

त्यांनी मला वितळायला पाठवलं नाही. दुकानाच्या तोंडाशी अंथरली, वर माल आदळायला. तिथे दोन वर्षं मी बाजार ऐकला. बादलीत तळाला वाळू आणि वर पितळ भरून विकायला आलेला गृहस्थ पाहिला. मंदिराची घंटा विकायला आलेला आणि “घरचीच आहे” म्हणणारा पाहिला. लवूशेठ कोणावर ओरडायचे नाहीत. वस्तू उलटी करायचे, वाजवायचे आणि म्हणायचे, “ही काही वेगळंच सांगत्येय, दादा.” माणूस आपसूक निघून जायचा.

२००८ साली, ऊन कलताना, एक माणूस दुकानात आला आणि न विचारता एकेक प्लेट बोटाच्या पेराने वाजवू लागला. दाढी पांढरी झाली होती. मी हातावरचे ठिणग्यांचे डाग ओळखले.

“काय शोधताय, चाचा?” लवूशेठ म्हणाले.

“एक बद्द प्लेट.”

“तिच्यावर तर तुम्ही उभे आहात.”

अली खाली बसला. त्याने मला वाजवलं, एकदाच. लवूशेठने चहा सांगितला. आणि त्या चहावर मी उरलेली गोष्ट ऐकली.

हमझाची मुलगी झोया शाळेतून रडत घरी आली होती. बुडालेल्या दोघांपैकी एका घरचा मुलगा तिच्याच वर्गात. तो म्हणाला, तुझ्या बापाने तोटी उघडी ठेवली, आमची आजी मारली. तिच्या आईने, हफीजाने, तिला काही सांगितलं नाही. ती अलीच्या दारात गेली. आत आली नाही, पायरीवरच उभी राहिली. “भाई,” ती म्हणाली, “तुमी गोदीत असता. तोटी त्यांनी खरंच उघडी ठेवली व्हती काय, येवढाच सांगा. व्हय म्हनालात तर मी पोरीला तसा सांगन आनि गप बसन.”

“मग?” लवूशेठ म्हणाले.

“मी म्हनलो, उद्या सांगतो. ता उद्या कवाचा झाला. आज सातवा रोज.”

लवूशेठने चहाचा पेला खाली ठेवला. “प्लेट घेऊन काय करणार? नंबर घासलेला आहे. हिच्यावरून कोण काय सिद्ध करणार?”

“मीच घासला. मला ठाव हाय.”

“मग न्या,” लवूशेठ म्हणाले. “काट्यावर चढवत नाही. असल्या मालाचं वजन मला करता यायचं नाही.”

टेम्पोत घालून अलीने मला रत्नागिरीत, लाँचीची चौकशी केलेल्या कचेरीच्या आवारात नेलं. पायरीपर्यंत एक कारकून आला. त्याने मला चारी बाजूंनी पाहिलं. “हिचा नंबर?”

“घासलेला.”

“मग ही तीच कशावरून?”

“वाजवून बघा.”

“आवाज फायलीला कसा लावू, चाचा?” कारकून वाईट नव्हता. खरंच विचारत होता.

तेव्हा अलीने लेखी दिलं. सतरा प्लेटी, कोणता नंबर कसा ठोकला, खडूची रेषा कुठे मारली, ज्योत फडफडली ती वारा म्हणून कशी टाळली, सगळं. खाली सही आणि बिल्ला ११४. रावजीचं नावही लिहावं लागलं. ते लिहिताना त्याची लेखणी थांबली, असं तो टेम्पोवाल्याला परतताना सांगत होता. कारकुनाने पोच दिली आणि म्हणाला, “याने तुमची नोकरी जाईल, माहीत आहे ना? आणि तुमच्या भावाचा शेरा निघेलच असं नाही.”

नोकरी गेली. शेरा अजून आहे. अर्ज ‘विचाराधीन’ आहे.

कचेरीतून टेम्पो सरळ हफीजाच्या वाडीत आला. पऱ्याच्या अलीकडे मला उतरवलं. हफीजा पलीकडून आली, डोक्यावरचा पदर नीट करत. झोया तिच्या मागे. अलीने उभ्यानेच सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही, बोंबलांची पुडीसुद्धा.

शेवटी हफीजाने विचारलं, “मजबूत, असा म्हनालात त्यांना?”

“व्हय.”

“नंबर ठोकलात, त्याखाली तुमचा बिल्ला ठोकायचा असतो, ता का नाय ठोकलात?”

अली म्हणाला, “हात झाला नाय.”

“म्हंजे हाताला समजत व्हता.”

तिने झोयाला पुढे घेतलं. मग ती म्हणाली, “ठसे हायत काय संगती?”

होते. नोकरीचे ठसे नव्हेत, त्याचे स्वतःचे, पिशवीत.

“मग ठोका आता. माज्यासमोर. पोरीला बघू दे.”

अली गुडघ्यावर बसला. जिथून नंबर घासला होता त्या गुळगुळीत जागी त्याने ठसा टेकवला. एक. पुन्हा एक. चार. तीन घाव. तीनही वेळा मी बद्द वाजले. झोयाने तो आवाज ऐकला आणि आईकडे बघितलं. हफीजा तिला म्हणाली, “ऐकलास? तुज्या बापाची चूक नव्हती. ही प्लेट अशी व्हती.”

अली उठला तेव्हा तिने त्याला घरात बोलावलं नाही. पाणीही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “हिला पऱ्यावर टाका. जानाऱ्या-येनाऱ्याला ऐकू दे.” आणि मुलीचा हात धरून गेली.

तेव्हापासून मी इथे आहे. शाळेला जाणारी मुलं माझ्यावर मुद्दाम उड्या मारतात. नवखा कोणी चालला की विचारतो, ही अशी का वाजते, आणि वाडीतला कोणीही त्याला हमझाची गोष्ट सांगतो. कागदावर तो दोषी आहे, या पऱ्यावर नाही. एवढंच झालं. याहून जास्त झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

अली दर जुम्याला पऱ्याच्या अलीकडे, दोन पावलं लांब येऊन उभा राहतो. माझ्यावरून येत नाही, बोलावल्याशिवाय येणार नाही. अजून कोणी बोलावलेलं नाही.

गेल्या शिमग्यानंतर रावजी आला होता. नोकरी गेली, निवृत्तीचे पैसे अडकले, थोरल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, असं लोक बोलतात. काखेत तीच छत्री. त्याने एक पाय माझ्यावर ठेवला. मी वाजले. त्याने पाय तसाच मागे घेतला, खाली वाकून ११४ वर अंगठा फिरवला, त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेवरही फिरवला आणि आल्या वाटेने गेला. साक्षीदाराचा नंबर तिथे ठोकतात. ती जागा अजून मोकळी आहे.

माझ्या पोटातला पापुद्रा आता कडेने दिसू लागला आहे. पाणी आत शिरतं. आणखी पाच-सहा पावसाळे, मग मी उकलेन आणि वाडीवाले दुसरं काही टाकतील. त्याचं मला दुःख नाही. मी जमिनीवर अंथरायचा माल होते, फिरून तिथेच आले. दुःख माझ्या दुसऱ्या अर्ध्याचं आहे. त्याला कोणी जहाज केलं नसतं, तर त्यानेही कोणाला बुडवलं नसतं.

जाता जाता एक मागते. तुमच्याकडेही वही असेल: दुकानाची, गोदामाची, घरातल्या धान्याची. तीत जे नाही ते आहे म्हणून लिहू नका. सतरा कमी असतील तर सतरा कमी लिहा; त्या दिवशी बोलणी खावी लागतील, तेवढीच. आणि जे लिहाल त्याखाली आपला नंबर घाला. हात होत नसेल, तर वही मिटा आणि आधी माल वाजवून बघा.